दहा पावलांची जाहिरात

पॉपअपला हे नाव आपल्या धंद्यावरून पडलं, असं त्याला वाटतं. आम्हा शेजाऱ्यांना खरं कारण ठाऊक आहे. तुम्ही जिन्यात पिशव्या सावरत किल्ली शोधत असता आणि तो एकदम समोर उगवतो. कुठून, ते कळत नाही. तुमची इच्छा असो नसो, काहीतरी दाखवायला लागतो. आणि कितीही शोधलं तरी त्याला बंद करायची फुली सापडत नाही. वरच्या उजव्या कोपऱ्यात पाहावं, तर तिथे त्याचा कान असतो आणि कानाला मोबाइल.

लोकांच्या मोबाइलवर जाहिराती दाखवणं, हा त्याचा धंदा. कंपन्या वगैरे नव्हेत. गावातला दातांचा डॉक्टर, गाडी शिकवणारी शाळा, किल्ल्या बनवणारा, असली मंडळी. ऑफिस म्हणजे घराची बंद केलेली बाल्कनी. एका बाजूला चपलांचं कपाट, दुसऱ्या बाजूला कपडे धुण्याचं यंत्र. यंत्र पिळायला लागलं की टेबल थरथरायचं, आणि फोनवरच्या गिऱ्हाइकाने विचारलं, "कसला आवाज हो?" की पॉपअप गंभीरपणे सांगायचा, "काही नाही, मागे काम चालू आहे." खोटं नव्हतंच ते.

या सगळ्या गिऱ्हाइकांच्या वर, एकटे बसलेले, गादीशेठ.

गादीशेठचं तीन मजली गाद्यांचं दुकान होतं. त्यांच्या जाहिरातीत एक रुंद गादी, तिच्यावर स्वतः शेठ गाढ झोपलेले, चेहऱ्यावर तृप्त हसू, आणि खाली ओळ: 'झोप इथे मिळते.' फोटो पंधरा वर्षांपूर्वीचा. फोटोतल्या शेठना डोकंभर केस होते. शेठना हा फोटो बदलायचा नव्हता आणि का, ते विचारायची कोणाची प्राज्ञा नव्हती.

शेठचा एक नेम होता. त्यांचा फोन घरी कपाटात असायचा, दुकानात खणात. तो बाहेर निघायचा फक्त सकाळी, बागेत. सात फेऱ्या मारता मारता, नाहीतर शेवटी बाकावर बसून, शेठ हवामानाचं पान उघडायचे. हवामानाशी त्यांना कर्तव्य नव्हतं. डोकं वर केलं की ते दिसत होतंच. त्या पानात मध्येच आपण झोपलेले दिसतो का, ते त्यांना पाहायचं असायचं. दिसले की मन भरेपर्यंत पाहायचे, फोन बंद करायचे आणि दुकान उघडायला जायचे. नाही दिसले, तर साडेसातला पॉपअपचा फोन वाजायचा आणि पलीकडून चारच शब्द यायचे, "आज मी दिसलो नाही."

आता या धंद्यातलं एक गुपित सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. जाहिरात कुठे दाखवायची, त्यासाठी नकाशावर गोल काढता येतात. बाकीच्या गावासाठी पॉपअप एक मोठा, फिकट, कर्तव्य म्हणून काढलेला गोल काढायचा. आणि मग छोटे, गडद, जीव ओतून काढलेले गोल: मालकाच्या घराभोवती, मालकाच्या दुकानाभोवती, मालकाच्या बायकोच्या माहेराभोवती. दातांच्या डॉक्टरला वाटायचं, आपण गावभर झळकतोय. झळकत होते, पण मुख्यतः स्वतःच्या गल्लीत. शेठच्या बागेवर तर पॉपअपने इतका घट्ट गोल काढला होता, की तिथल्या माळ्याने वैतागून घरी नवी गादी घेतली. त्या वर्षी जाहिरातीमुळे गादी घेतलेलं, पुराव्यानिशी माहीत असलेलं ते एकमेव गिऱ्हाईक.

सगळं सुखाने चाललं होतं. एका सोमवारी पाऊण गावाला आपल्या मोबाइल कंपनीचा संदेश आला: 'आजपासून आपल्या मोबाइलवर जाहिराती दिसणार नाहीत. ही सेवा आपोआप सुरू झाली आहे. नको असल्यास ग्राहक सेवेला फोन करावा.'

लोकांना आनंदाचं भरतं आलं. खालच्या मजल्यावरच्या आजोबांनी तर जिन्यात थांबून पॉपअपलाच ही बातमी दिली. "बघा बघा, पान कसं स्वच्छ दिसतंय! कोणी मधे मधे नाचत नाही." पॉपअप त्यांचं स्वच्छ पान बघत राहिला. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्याकडे दाखवायला काही नव्हतं.

यातली खरी मौज पुढेच आहे. त्याची बायको त्याच मोबाइल कंपनीच्या ग्राहक सेवेत होती.

"तुला माहीत होतं?" घरात पाऊल टाकताच त्याने विचारलं.

"आठ दिवसांपासून."

"आणि सांगितलं नाहीस?"

"सही करून घेतली होती सगळ्यांकडून. अवाक्षर काढायचं नाही म्हणून."

"मी नवरा आहे तुझा!"

"कागदावर तसं काही लिहिलं नव्हतं," बायको म्हणाली. "आणि तुम्ही तरी दातवाल्याला कुठे सांगितलंत, ते गोल कसे काढता ते?"

पॉपअपने कंपनीला पत्र लिहिलं. मोठमोठ्या जाहिरातदारांनी कंपनीशी बोलणी करून आपापली वाट मोकळी करून घेतल्याचं त्याने ऐकलं होतं. त्याच्या पत्राला अर्ध्या मिनिटात उत्तर आलं: 'आपला अभिप्राय आमच्यासाठी महत्त्वाचा आहे.' दुसऱ्या पत्रालाही तेच उत्तर आलं. तिसरं पत्र त्याने जरा रागाने लिहिलं. तेही महत्त्वाचंच निघालं.

मग त्याने ग्राहक सेवेला फोन लावला. निदान एक तरी माणूस जाहिराती परत मागतो आहे, हे वर कळलं पाहिजे, असा त्याचा हिशेब. तीन वेळा गाणं वाजलं आणि पलीकडून गोड आवाज आला.

"नमस्कार, मी आपल्याला काय मदत करू शकते?"

"अगं, मीच!"

"सर, आपला नंबर सांगता का?"

"पाठ आहे की तुला!"

"सर, हे संभाषण नोंदवलं जातंय," गोड आवाज म्हणाला. मग आणखी गोड होऊन, "सर, आपण कपडे वाळत घातलेत का, की यंत्रातच आहेत?"

महिनाभरात सेवा बंद करा म्हणून फोन करणारा, गावातला तो एकटाच ठरला. बाकी सगळे खूश असल्याबद्दल बायकोच्या गटाला प्रशस्तिपत्र मिळालं. ते तिने बैठकीत टांगलं. बाल्कनीत बसल्यावर नेमकं डोळ्यांसमोर येईल असं. खिळा पॉपअपनेच ठोकला.

गिऱ्हाइकं एकेक करून गळाली. दातवाला म्हणाला, "अहो, माझ्याच गल्लीत मी दिसत नाही." किल्लीवाल्याने फोनच घेणं सोडलं. गाडी शिकवणाऱ्या शाळेच्या बाई मात्र फार प्रेमाने बोलल्या, आणि त्यांनीच सगळ्यात खोल घाव घातला. "महिनाभर जाहिरात नव्हती बरं का. आणि गंमत बघा, शिकायला येणारे तेवढेच आले!"

हे वाक्य पॉपअपच्या घशात माशाच्या काट्यासारखं अडकलं. हेच वाक्य उद्या गादीशेठ बोलले तर? आता तेवढेच उरले होते. तेही गेले, तर मेहुणा टपून बसला होता. मेहुण्याचं टायरचं गोदाम होतं आणि दर भेटीत तो पॉपअपच्या पाठीवर थाप मारून म्हणायचा, "भावोजी, एक खुर्ची रिकामी ठेवलीय बरं का तुमच्यासाठी. खिडकी नाहीये, पण टायर भरपूर आहेत."

शेठचा फोन तर संदेश आल्याच्या दुसऱ्याच दिवशी, मंगळवारी साडेसातला, वाजला होता. "आज मी दिसलो नाही."

"सर्व्हर, शेठ, सर्व्हर," पॉपअप म्हणाला. हा शब्द उच्चारला की दोन दिवस मिळतात.

त्या दोन दिवसांत त्याने सगळ्या भिंतींवर डोकं आपटून पाहिलं. शेठना सरळ सांगावं, की एक फोन करा आणि जाहिराती चालू करून घ्या? शेठ विचारणार, "माझ्यासारख्या सगळ्यांच्याच बंद झाल्या असतील ना? मग बघतंय कोण?" आणि मग खिडकी नसलेली खुर्ची. बायकोला गळ घालावी, की शेठच्या नंबरवर गुपचूप चालू करून दे?

"चार आकडे त्यांच्या फोनवर जातात. ते त्यांनी वाचून दाखवल्याशिवाय होत नाही," बायको म्हणाली. "आणि केलंच मी काही, तर माझीही नोकरी जाईल. मग दोघं मिळून टायर मोजू."

पण तिलाही त्याचा चेहरा बघवेना. भांडी पुसता पुसता, कोणाशीच बोलत नसल्यासारखं करून ती म्हणाली, "आमची ही सेवा फक्त आमच्याच नेटवर चालते म्हणे. फोन दुसऱ्या कोणाच्या नेटला जोडला, की सगळ्या जाहिराती जशाच्या तशा."

पॉपअपने तिच्याकडे जसं पाहिलं, तसं लग्नातही पाहिलं नव्हतं. दुपारी त्याने दुसऱ्या कंपनीचं सिम आणलं, खणातला जुना फोन काढून त्यात घातलं आणि त्याचं नेट वाटायला ठेवलं. मोजून पाहिलं: दहा पावलांपर्यंत पोचत होतं. अकराव्या पावलाला गुल.

गुरुवारी सकाळी सव्वासहाला तो बागेच्या फाटकात उभा होता.

"अरे! तुम्ही? चालायला?" गादीशेठ म्हणाले.

"डॉक्टरांनी सांगितलंय. जरा फोन द्या बघू, एक सेटिंग राहिलंय."

शेठनी फोन दिला. पॉपअपने तो खिशातल्या फोनला जोडला आणि परत केला. शेठनी हवामानाचं पान उघडलं. आभाळ निरभ्र, वारा मंद, आणि मध्ये शेठ गाढ झोपलेले.

"आलो!" शेठ म्हणाले.

आणि पॉपअप अडकला.

कारण शेठ कुठल्या फेरीला फोन काढतील, याचा नेम नसायचा. कधी पहिल्या, कधी सहाव्या. तेव्हा सातही फेऱ्या दहा पावलांच्या आत राहायला हवं. शेठचं चालणं म्हणजे गाडी सुटत असल्यासारखं आणि पॉपअपचं पोट त्याच्या आधी दोन इंच पोचणारं. दुसऱ्या फेरीत त्याला धाप लागायची, तिसऱ्यात पोटात कळ यायची, चौथ्यात तो झाडांकडे आशाळभूतपणे पाहायचा. पण थांबला की अकरावं पाऊल. म्हणून तो बोलत राहायचा. बोलणाऱ्याला सोडून पुढे जाणं शेठना प्रशस्त वाटत नसे. यंत्राचा बिघाड, मेहुण्याचा स्वभाव, लहानपणी हरवलेली छत्री, सुचेल ते. शेठ म्हणायचे, "हं."

एकदाच त्याने विचारलं, "शेठ, तुम्ही इतक्या लवकर उठता कसे?"

"उठायला आधी झोपावं लागतं," शेठ म्हणाले. "दहा वर्षं झाली, धड डोळा लागत नाही. गाद्या बदलून पाहिल्या. तीन मजले आहेत माझ्याकडे." आणि फोन काढून ते त्या झोपलेल्या माणसाकडे पाहत राहिले.

पाऊस आला, पॉपअप छत्री घेऊन गेला. ताप आला, स्वेटर घालून गेला. घोटा मुरगळला, तर शेठ हळू चालले पण फेऱ्या सातच झाल्या. रविवार नाही, सुट्टी नाही. "अठरा वर्षांत माझ्याबरोबर कोपऱ्यापर्यंत चालला नाहीत," बायको म्हणायची. ती त्याला टोमणे मारायची आणि रात्री दोन्ही फोन चार्जिंगला लावून ठेवायची. दोन्ही काळे, एकसारखे.

अशात मुलीची शर्यत आली. मुलगी तेरा वर्षांची, पाठीवर पोहायची. रविवारी सकाळी सात वाजता.

"बाबा, मागच्या वेळी पण तुम्ही नव्हता."

"अगं, तुला काय कळतंय पाण्यात, कोण आलं आणि कोण नाही?"

"मी पाठीवर पोहते," मुलगी म्हणाली. "वरच बघत असते. माणसं उलटी दिसतात, पण दिसतात."

पॉपअपने एक युक्ती काढली. शनिवारी त्याने शेठना सांगितलं, की उद्या मला जमणार नाही, तुम्ही आपले बाकावर निवांत बसून बघा, तिथे रेंज फार सुरेख येते. आणि रविवारी पहाटे, बागेचं फाटक उघडताच, तो शेठच्या बाकाखाली आडवा झाला आणि खोकी बांधायच्या चिकटपट्टीने त्याने फोन फळीला खालून पक्का चिकटवला. माळी लांबून बघत होता. पॉपअपने त्याला हात केला. त्यानेही केला. गादी चांगली लागली होती त्याला.

सात वाजता पॉपअप तलावाच्या पायऱ्यांवर बसला होता. बायको अजून मुलीपाशी, खाली. मुलगी पाण्यात उतरली, कडेची दांडी धरून मागे कलली आणि बापाला उलटं पाहून हसली. पॉपअपने फोटो काढावा म्हणून खिशातून फोन काढला. स्क्रीन उजळली.

फोन भलताच होता. नेट वाटणारा फोन त्याच्या हातात होता. बाकाखाली चिकटवला होता तो त्याचा रोजचा. सगळ्या जगाकडे ज्याचा नंबर होता तो.

बागेत काय झालं, ते नंतर शेठनीच सांगितलं. ते बाकावर बसले, पान उघडलं. आभाळ निरभ्र, वारा मंद, मध्ये कोणीच नाही. साडेसातची वाट न पाहता त्यांनी पॉपअपला फोन लावला आणि बाक वाजायला लागला. शेठ उठले. बाक वाजतच होता. चष्मा सावरून त्यांनी खाली वाकून पाहिलं, तर फळीला उलटा लटकलेला एक फोन, आणि त्याच्यावर नाचत असलेलं त्यांचंच नाव.

इकडे बायकोने पायऱ्यांवर नवरा दिसेना म्हणून फोन लावला. उचलला गेला.

"अहो, कुठे आहात? ती उतरली पाण्यात!"

"ताई, मी गादीवाला," पलीकडून आवाज आला. "ते इथे नाहीत. ते बाकाखाली होते, असं दिसतंय."

शिट्टी वाजली, मुली निघाल्या आणि नेमका तेव्हाच बायकोला पॉपअप गर्दीत दिसला; तिने खालून दोन्ही हातांनी खुणा करून त्याला सांगितलं, की शेठना कळलंय. पॉपअप उठला. बसला. परत उठला. मुलगी अर्ध्यावर आली होती. तिला उलट्या माणसांच्या रांगेतून एक उलटा बाबा दाराकडे पळताना दिसला. ती चौथी आली.

तो दुकानात पोचला तेव्हा शेठ खालच्या मजल्यावर एकटे होते. "या. बसा," ते म्हणाले आणि त्यांनी सगळ्यात मऊ गादी दाखवली. पॉपअप बसला आणि कमरेपर्यंत आत गेला. गुडघे हनुवटीला लागले. आता उठायचं म्हटलं तरी कोणीतरी ओढून काढल्याशिवाय उठता येणार नव्हतं.

शेठनी त्याचा फोन पुढे केला. "चिकटपट्टी काढलीय. डाग राहिलाय थोडा." मग म्हणाले, "खरं सांगा. आपली जाहिरात किती जण बघतात?"

पॉपअपने तोंड उघडलं. सर्व्हर, आकडे, आलेख, सगळं जिभेवर आलं. पण कमरेपर्यंत रुतलेल्या माणसाला रुबाब करता येत नाही.

"आता? तुम्ही," तो म्हणाला. "दुसऱ्या कंपनीवाले चुकूनमाकून."

"आणि आधी?"

"आधीही जास्त करून तुम्हीच, शेठ."

त्याने गोल सांगितले. कंपनी सांगितली. दहा पावलं सांगितली. शेठ ऐकत होते. शेवटी म्हणाले, "हं. ती दहा पावलं कळली होती मला. तुम्ही फाटकात आलात की माझ्या फोनवर वर वायफायचा एक पंखा उमटतो, गेलात की जातो. दुकानदार आहे हो मी. पंखा दिसतो मला."

"मग बोलला का नाहीत?"

शेठ शेजारी बसले. ते रुतले नाहीत. कुठे बसायचं ते त्यांना ठाऊक होतं.

"तुम्ही चालायला यायला लागल्यापासून मला झोप लागते," ते म्हणाले. "तुमचं ते बोलणं. तिसऱ्या फेरीला जांभई येते, रात्रीपर्यंत पुरते. काल दहा वर्षांत पहिल्यांदा गजर लावावा लागला. त्या छत्रीचं पुढे काय झालं, ते ऐकता ऐकता तर मी चालता चालता झोपलो असतो."

"मग जाहिरात बंद करू? मी असाच येईन," पॉपअप पटकन म्हणाला. त्याच्या डोळ्यांसमोर मोकळे रविवार तरळले.

"छे! जाहिरात राहू दे. जाहिरात नसली, तर तुम्ही कशाला याल?" शेठ म्हणाले. "रोज सव्वासहा. ठरल्याप्रमाणे."

पॉपअपने त्या गादीच्या तळातून पहिल्यांदाच आवाज चढवला. "शेठ, आज माझी पोरगी चौथी आली. मी पळालो म्हणून. पुढच्या महिन्यात परत आहे शर्यत, रविवारीच. त्या दिवशी मी येणार नाही. मग हवं तर टायर मोजीन!"

शेठना टायरचा संदर्भ कळला नाही, पण बाकीचं कळलं. "बरोबर आहे," ते म्हणाले. पॉपअपला हायसं वाटलं. "त्या दिवशी मी तिकडे येतो."

पुढच्या महिन्यात तलावाच्या पायऱ्यांवर ओळीने बसले होते: बायको, पॉपअप, गादीशेठ. तलावाला सात फेऱ्या मारून झाल्या होत्या. पॉपअप छत्रीचा उरलेला भाग सांगत होता. शेठनी फोन काढला, पान उघडलं, झोपलेल्या माणसाकडे पाहिलं आणि जांभई दिली.

शिट्टी वाजली. मुली निघाल्या. पॉपअप ताडकन उठायला गेला, आणि उठला नाही. त्याच्या उजव्या खांद्यावर एक जड, टक्कल पडलेलं डोकं येऊन टेकलं होतं.

"ओरडा की!" बायको दातांतून म्हणाली. "पहिली चाललीय ती!"

"अगं, उठतील ते!"

"उठू देत!"

"दहा वर्षांची झोप बाकी आहे गं त्यांची!"

मुलगी पाणी कापत आली. पाठीवर, तोंड आभाळाकडे. पॉपअपने डावा हात वर केला, जितका जाईल तितका, आणि उजवा खांदा दगडासारखा जागच्या जागी ठेवून तो हात वेड्यासारखा हलवत राहिला. शेठच्या मांडीवरच्या फोनमध्ये डोकंभर केसांचे शेठ झोपले होते, आणि खांद्यावर बिनकेसांचे घोरत होते. दोघांच्या चेहऱ्यावरचं हसू सारखंच होतं.

मुलीने भिंतीला हात लावला. तिने मान मागे टाकून पायऱ्यांकडे पाहिलं. उलटा बाबा जागेवर होता.